आर्थिक गणना
देशातील आर्थिक उपक्रम व त्यांत काम करणाऱ्या व्यक्ती यांची शासनातर्फे केली जाणारी मोजणी. स्वातंत्र्योत्तर काळात उद्योगांची नियमित आकडेवारी प्रामुख्याने नोंदणीकृत कारखान्यांपुरती मर्यादित होती. १९४८ च्या कारखाने अधिनियमानुसार कारखान्यात विजेचा वापर असल्यास किमान १० व नसल्यास किमान २० कामगार असावे लागत. मालवणसारख्या बंदराचा फारच थोडा व्यवहार या व्याख्येत बसे.

१९७७ मध्ये केंद्रीय सांख्यिकीय संघटनेने पहिली आर्थिक गणना केली. तीत किमान एक पगारी कामगार असलेल्या बिगरशेती आस्थापनाच मोजल्या गेल्या. रापण ओढणारे मच्छीमार वेतनाऐवजी मासळीचा वाटा घेतात; मासळी सुकविणे किंवा खानावळ चालविणे ही कामे पुष्कळदा घरच्याच स्त्रिया करतात. असे उपक्रम या निकषामुळे वगळले गेले.

१९८० मधील दुसऱ्या गणनेत पगारी कामगार नसलेले उपक्रमही आले आणि पिके व मळे वगळता मासेमारीसह इतर व्यवसायांचा समावेश झाला. मालवण तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होते; सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. पुढील गणना १९९०, १९९८, २००५ व २०१३ मध्ये सुरू झाल्या.

२०२१-२२ पासून असंघटित बिगरशेती उपक्रमांचे वार्षिक नमुना सर्वेक्षण होऊ लागले. उत्पादन, व्यापार व सेवा ही त्याची क्षेत्रे होत. परिणामी मालवणची खानावळ त्याच्या कक्षेत येते. रापण मात्र बाहेरच राहते.