कँडिडेट
निवडणुकीला किंवा परीक्षेला बसणारा, उमेदवार. मूळ लॅटिन शब्द ‘कँडिडाटुस’, म्हणजे शुभ्र वस्त्र ल्यालेला. आपला ‘उमेदवार’ फारसीतून आला आणि त्यात उमेद आहे. लॅटिन शब्दात आहे तो नुसता पोशाख.

प्राचीन रोममध्ये पदासाठी मते मागणारा नागरिक खडूने उजळलेला टोगा अंगावर घेऊन चौकात फिरे. लोकरीचा टोगा मुळात मळकट पांढरा. खडू चोळला की उन्हात लखलखे आणि गर्दीत माणूस लांबून ओळखू येई. सोबतचा गुलाम समोरून येणाऱ्याचे नाव कानात सांगे, मग हस्तांदोलन. इ.स.पू. ४३२ मध्ये मतांसाठी वस्त्रे अशी पांढरी करण्यावर कायद्याने बंदी आणल्याचे इतिहासकार लिव्ही सांगतो. पण प्रथा टिकली. इ.स.पू. ६४ मध्ये कॉन्सलपदासाठी उभ्या राहिलेल्या सिसेरोच्या एका भाषणाला या टोग्यावरूनच नाव मिळाले.

लॅटिनमध्ये साध्या पांढऱ्याला ‘आल्बुस’ आणि चकाकत्या पांढऱ्याला ‘कँडिडुस’ म्हणत. धातू ‘कँडेरे’, चमकणे. कँडल आणि मोकळेपणा दाखवणारा कँडिड हे शब्द त्याचेच. या धातूचे संस्कृत भावंड म्हणजे ‘चंद्र’. वैदिक भाषेत त्याचे ‘श्चन्द्र’ असेही रूप आढळते. ‘हरिश्चंद्र’ उच्चारताना मधला ‘श्’ जिभेवर येतो, तो त्याच जुन्या रूपाचा.

इंग्रजीत ‘कँडिडेट’ सतराव्या शतकाच्या सुमारास रुळला.