तोट्याची हमी की नफ्याची संधी?

उद्योजकतेला चालना देण्यासाठी सरकारने काय करावे, असे विचारले की स्वस्त जमीन, करसवलत आणि कमी व्याजाचे कर्ज ही ठरलेली उत्तरे पुढे येतात. मात्र नव्या तंत्रज्ञानावर उभ्या राहणाऱ्या उद्योगाकडे तारण ठेवण्याजोगे काही नसल्याने बँका त्याला दारात उभे करीत नाहीत. त्याची जोखीम कोणी घ्यायची, या प्रश्नावर इस्रायलने १९९०च्या दशकात लागोपाठ दोन प्रयोग केले.

त्या देशात तंत्रज्ञांची वाण नव्हती. १९८७मध्ये ‘लावी’ लढाऊ विमानाचा प्रकल्प गुंडाळला गेल्याने अनेक अभियंते मोकळे झाले होते आणि १९८९नंतर सोव्हिएत संघातून आलेल्या लाखो स्थलांतरितांत शास्त्रज्ञ व अभियंते मोठ्या संख्येने होते. संशोधनासाठी सरकारी अनुदानही मिळत असे. उणीव होती ती जोखमीच्या भांडवलाची आणि परदेशी बाजारपेठेच्या जाणकारीची.

१९९२मधील ‘इनबाल’ योजनेत शेअर बाजारात नोंदलेल्या साहसवित्त निधींना सरकारने ७० टक्के भांडवलाची हमी दिली. बुडण्याची भीती गेली, पण उत्तम उद्योग हुडकून तो वाढवण्याची निकडही त्याबरोबर गेली. योजनेचा फारसा प्रभाव पडला नाही. तोटा भरून देणारा यजमान असेल तर घाम कोण गाळणार?

पुढच्याच वर्षी मुख्य शास्त्रज्ञ यिगाल एर्लिच यांच्या पुढाकाराने ‘योझ्मा’ हा दहा कोटी डॉलरचा सरकारी निधी आला. हिब्रू भाषेत योझ्मा म्हणजे पुढाकारच. त्यातून दहा खासगी निधी उभारण्यात आले. प्रत्येकात सरकारचा वाटा सुमारे ४० टक्के, उरलेले भांडवल खासगी; शिवाय अनुभवी परदेशी वित्तसंस्थेची भागीदारी सक्तीची. तोट्याची हमी नव्हती. उलट, पाच वर्षांच्या आत मूळ रक्कम व व्याज देऊन सरकारचा वाटा विकत घेण्याची मुभा होती. म्हणजे नफा झालाच तर तो गुंतवणूकदारांचा. दहापैकी आठ निधींनी ही मुभा वापरली आणि दशक संपण्यापूर्वी सरकार त्यातून बाहेरही पडले.

सारे श्रेय योझ्माला देणे मात्र भाबडेपणाचे ठरेल. लष्करी संशोधनाचा वारसा आणि त्या काळातील नॅस्डॅकची तेजी यांचाही त्यात वाटा होता. न्यूझीलंडने २००२मध्ये बरीचशी हीच रचना उचलली. तेथील फळ बेताचेच राहिले.

भारतात केंद्र सरकारने २०१६मध्ये स्टार्टअपसाठी दहा हजार कोटी रुपयांचा निधी जाहीर करून तो ‘सिडबी’कडे सोपविला. तोही उद्योगांना थेट पैसे न देता खासगी निधींमार्फत देतो आणि मिळालेल्या रकमेच्या किमान दुप्पट गुंतवणूक स्टार्टअपमध्ये करण्याची अट त्या निधींवर घालतो.