सँडी लेकचं ताट

कॅनडात ओंटारियो प्रांताच्या वायव्येला सँडी लेक नावाच्या तळ्याकाठी ओजी-क्री लोकांची वस्ती आहे. बारमाही रस्ता नाही. विमानानं जायचं, नाहीतर हिवाळ्यात तळी गोठली की बर्फावरून. 1990 च्या दशकात तिथल्या दहा वर्षांपुढच्या 728 जणांची साखर तपासली. वयाचा फरक हिशेबात घेऊनही मधुमेहाचं प्रमाण निघालं 26 टक्के. मी आहारतज्ज्ञ आहे. पुण्यात मधुमेही माणसांशी त्यांच्या ताटाविषयी बोलणं हे माझं रोजचं काम. तरी हा आकडा वाचून पोटात गोळा आला.

1999 मध्ये या लोकांत मधुमेहाशी जोडलेला एक जनुकीय बदल सापडला. तो खराच आहे. पण सगळा दोष रक्तावर टाकणं मला मान्य नाही. तो बदल पणजोबांकडून आला. आजाराची ही लाट मात्र गेल्या काही दशकांतली.

मधल्या काळात ताट बदललं. पूर्वी त्यात मूस, कॅरिबू, बीव्हर, वसंतात परतणारे हंस, व्हाइटफिश, पाइक आणि उन्हाळ्यातल्या ब्लूबेरी असत. मासे चिरून धुरावर वाळवायचे. हे सगळं मिळवायला मैलोन्‌मैल चालावं, वल्हवावं लागे, आणि ती मेहनतही आहाराचाच भाग होती. हडसन बे कंपनीच्या वखारीत कातड्यांच्या मोबदल्यात पीठ, साखर, चहा, डुकराची चरबी मिळे. त्यातून बॅनॉक हा जाड रोट घरोघरी रुळला. तरी जंगल सुटलं नव्हतं.

ते सुटलं शाळेमुळे आणि भत्त्यामुळे. निवासी शाळांनी मुलं आईबापांपासून तोडली. जाळं कुठे टाकायचं हे त्यांना शिकवणार कोण? 1945 पासून कुटुंबभत्ता सुरू झाला, तो मुलांच्या शाळेतल्या हजेरीशी बांधलेला. उत्तरेत अनेकांना तो रोख न देता दुकानातून, ठरावीक वस्तूंच्या रूपात दिला गेला. शिकारीच्या वाटेवर निघालं तर भत्ता जाणार. माणसं दुकानाजवळ स्थिरावली, ती अशी.

1988 च्या जानेवारीत सँडी लेकचे प्रमुख जोसायस फिडलर आणि त्यांचे सहकारी आरोग्यसेवेच्या हलाखीविरुद्ध सू लुकआउटच्या रुग्णालयात उपोषणाला बसले. त्यानंतर तीनच वर्षांनी, 1991 मध्ये, गावानं संशोधकांबरोबर मधुमेहाचं काम सुरू केलं. घरोघरी बोलताना लोक अन्नाची विभागणी स्वतःच करत: एक आपलं, एक गोऱ्यांचं. पाहणीतही दिसलं, की चरबीत तळून-शिजवून खाणाऱ्यांना धोका जास्त. मग तिसरी-चौथीच्या मुलांसाठी धडे तयार झाले, दुकानात आरोग्याला बऱ्या वस्तूंवर चिठ्ठ्या लागल्या. धड्यांनी मुलांची जाण वाढल्याचं नोंदलं गेलं.

मला हे काम मोलाचं वाटतं. पण चिठ्ठी वाचून मूस घरी येत नाही. त्याला बोट, इंधन, काडतुसं लागतात. 2011 मध्ये कॅनडा सरकारनं उत्तरेसाठी अन्न-अनुदानाची योजना आणली, तेव्हा ते अनुदान गेलं मुख्यतः दुकानदारांच्या हाती. शिकार-मासेमारी करणाऱ्यांसाठीचं अनुदान त्याच योजनेत आलं 2020 साली. ही नऊ वर्षं जायला नको होती.