चांदी, खाण्याचा सोडा आणि जर्मलचं पातेलं

आजचा भाग आमच्या ओट्यावर सुरू होतो. गौरी-गणपतीच्या आधी आजीने चांदीची भांडी बाहेर काढली. निरांजन, अत्तरदाणी आणि तिच्या सासूबाईंचं फुलपात्र, सगळंच काळं पडलेलं. आजीचा नियम पक्का आहे: तांब्या-पितळेला चिंच, चांदीला रांगोळी.

या नियमात केमिस्ट्री बरोबर आहे. तांब्यावरचा डाग बराचसा ऑक्साइडचा असतो, तो चिंचेच्या आंबटपणात विरघळतो. चांदीवरचा काळा थर मात्र सल्फाइडचा. हवेतल्या गंधकाच्या वायूशी चांदीचा संयोग होऊन तो बनतो, आणि चिंच-लिंबाला तो दाद देत नाही. मग उरतं घासणं. पण रांगोळी म्हणजे शेवटी दगडाची पूड. काळं निघतं तेव्हा त्या काळ्यात अडकलेली चांदीही निघून जाते, वर खालची थोडी खरवडली जाते.

इंग्लंडमधल्या बड्या घरांतही हेच चालायचं, फक्त तिथे रांगोळीऐवजी खडूची पूड किंवा लोखंडाच्या ऑक्साइडची लाल पूड. म्हणून जुनी इंग्लिश चांदी घेणारे आजही आधी हॉलमार्क बघतात, किती झिजलाय ते.

मी त्या दिवशी दुसरा प्रयोग केला. पातेल्यात अ‍ॅल्युमिनियम फॉइल, त्यावर भांडी टेकवून ठेवली, खाण्याचा सोडा टाकला आणि उकळतं पाणी ओतलं. बुडबुडे आले, सडक्या अंड्यासारखा वास आला आणि काही मिनिटांत काळं गायब! (खिडकी उघडी ठेवा, हं.) सोडा फॉइलवरचा ऑक्साइडचा पापुद्रा काढतो. मग अ‍ॅल्युमिनियम आपले इलेक्ट्रॉन सोडतं, ते चांदीला मिळतात, आणि सल्फाइडमधली चांदी पुन्हा धातू होऊन बरीचशी जागच्या जागी बसते. गंधक सुटतं, त्याचाच तो वास. झीज होते ती फॉइलची. म्हणून दोन्ही धातू एकमेकांना टेकलेले हवेत, नुसते एका पाण्यात असून भागत नाही.

आजी म्हणाली, "हे आम्हाला कुणी का नाही सांगितलं रे?"

प्रश्न इतिहासाचा होता, म्हणून मी शोधायला बसलो.

एका धातूने झिजायचं आणि दुसऱ्याला वाचवायचं, ही कल्पना जुनी आहे. १८२४ मध्ये हम्फ्री डेव्हीने ब्रिटिश आरमाराच्या जहाजांचे तांब्याचे पत्रे वाचवायला त्यांना जस्त आणि लोखंडाचे तुकडे जोडून पाहिले. तांबं वाचलं, पण आता ते समुद्रात विरघळेना, त्यामुळे त्यावर शेवाळ आणि कालवं बसायला लागली. आरमाराने नाद सोडला. (टेस्ट पास, प्रॉडक्शनमध्ये फेल. हे आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना नवीन नाही.)

पण अ‍ॅल्युमिनियम? ते तेव्हा कुणाच्या स्वयंपाकघरात असणंच शक्य नव्हतं. १८८४ मध्ये वॉशिंग्टन स्मारकाच्या टोकावर अ‍ॅल्युमिनियमचा जेमतेम पावणेतीन किलोचा छोटा पिरॅमिड बसवला, तेव्हा त्याचा भाव जवळपास चांदीइतका होता. बसवण्याआधी तो न्यूयॉर्कच्या टिफनी या जवाहिऱ्याकडे प्रदर्शनात मांडला होता! चांदी घासायला चांदीच्याच भावाची वस्तू कोण झिजवेल?

दोनच वर्षांनी, १८८६ मध्ये, अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू यांनी एकमेकांना न ओळखता विजेने स्वस्त अ‍ॅल्युमिनियम काढायची एकच पद्धत शोधली. दोघांचाही जन्म १८६३ चा. हॉलने तर घरामागच्या लाकडांच्या शेडमध्ये हे केलं, बहीण ज्युलिया मदतीला. त्या वयात मी प्लेसमेंटचे अ‍ॅप्टिट्यूड पेपर सोडवत होतो. भाव कोसळले, धातू पातेल्यांपर्यंत पोचला. पहिल्या महायुद्धाच्या काळात तर अमेरिकेचं शेती खातंच गृहिणींना चांदी अशी साफ करा म्हणून सांगत होतं.

मी आजीला म्हटलं, "तुमच्या लहानपणी अ‍ॅल्युमिनियम कुठे होतं?"

"म्हणजे जर्मल ना?" ती म्हणाली. "आमचं दूध जर्मलच्या पातेल्यातच तापायचं. धुण्याचा सोडा न्हाणीत डब्यात होता."

माझं उत्तर तिथेच संपलं. धातू होता, सोडा होता, चुलीवर गरम पाणी होतं. फक्त एकाला दुसऱ्याजवळ ठेवा, एवढं सांगणारं कुणी त्या घरापर्यंत पोचलं नव्हतं.

एक सावधगिरी: ऑक्सिडाइज्ड दागिने यात टाकू नका. त्यांचा काळेपणाही बहुतेक वेळा मुद्दाम दिलेला सल्फाइडच असतो. बहिणीच्या पैंजणांची नक्षी मी अशीच पांढरीफटक केली, अजून बोलणी खातोय.

फुलपात्र मात्र लख्ख निघालं. थोडी भुरकट झाक होती, ती मऊ कापडाने गेली. काठाखाली पणजीचं नाव घातलेलं होतं, ठिपक्याठिपक्यांनी. आता बोटाने चाचपलं तर तीन-चार ठिपके लागतात. घासून गेलेली चांदी फॉइल कुठून आणणार? नाव परत घालून घ्यावं, असं आईचं म्हणणं. आजी म्हणते, राहू दे तसंच.