एजबार कोण ठरवतं?

दिघ्यात भरतीचा अभ्यास करणाऱ्यांच्या तोंडी एक शब्द हमखास येतो: ‘एजबार’. म्हणजे वय उलटलं, विषय संपला. पण ही वयाची अट काय दगडावरची रेघ आहे का? तिचा इतिहास बघा.

१८६९ साली लंडनमध्ये आयसीएसची परीक्षा चार भारतीय पास झाले. त्यातल्या दोघांची नावं वयावरून यादीतून कापली. एक सुरेंद्रनाथ बॅनर्जी, दुसरे आपले श्रीपाद बाबाजी ठाकूर. मर्यादा होती २१ वर्षं. भानगड मोजणीत होती. आपल्याकडे ‘सोळावं लागलं’ की वय सोळा सांगायचे, साहेब पूर्ण झालेली वर्षं मोजायचा. प्रकरण कोर्टात गेलं आणि दोघांनाही परत घ्यावं लागलं.

मग मर्यादाच खाली आणली. १८७८ पासून १९ वर्षं! एवढ्या कोवळ्या वयात विलायतेला जाऊन परीक्षा देणार कोण? देशभर ओरड झाली, तेव्हा १८९२ पासून ती २३ वर आली.

आता आपल्या राज्यात या. एप्रिल २०१६ मध्ये खुल्या वर्गाची मर्यादा ३३ वरून ३८ झाली, मागासवर्गीयांची ३८ वरून ४३. कोरोनात भरती रखडली, म्हणून मार्च २०२३ मध्ये आणखी दोन वर्षांची सूट मिळाली, तीही त्या वर्षाअखेरपर्यंत निघणाऱ्या जाहिरातींपुरतीच.

प्रकल्पग्रस्तांना ४५ पर्यंत संधी आहे. पण आपल्या ठाणे-बेलापूर पट्ट्याचा हिशेब मांडा. इथल्या जमिनी १९६० च्या दशकापासून एमआयडीसीसाठी जाऊ लागल्या, १९७० साली सिडको आली. समजा, १९६५ साली जमीन गेली आणि त्याच वर्षी घरात पोर जन्मलं, तर ते २०१० सालीच ४५ चं झालं. आज दाखला घेऊन फिरतोय तो नातू. त्याचंही वय थांबलेलं नाही.

पंचेचाळिशीला टेकलेला माणूस क्लार्क म्हणून लागला, तरी पुढं तेरा-चौदा वर्षं काम करतो, शिपाई म्हणून लागला तर पंधरा-सोळा वर्षं. घराला तेवढा आधार पुरतो.

माझं म्हणणं साधं आहे. २०२३ ला सरकारने स्वतःच मान्य केलं की रखडलेल्या भरतीची शिक्षा उमेदवाराला नको. मग तो नियम कायमचा करा. ज्या पदाची जाहिरात जितकी वर्षं निघाली नाही, तितकी वर्षं उमेदवाराच्या वयातून वजा करा. उशीर सरकारचा आणि एजबार मात्र आमची पोरं, हे किती दिवस चालायचं?

तुमच्या घरात असं कुणी असेल तर खाली लिहा.