अंड्याचे वय

देवळाली कॅम्प, संसरी, भगूर, लहवित या पट्ट्यात दहा-वीस कोंबड्या पाळणाऱ्या घराची अडचण ठरलेली असते. घरात खाऊन उरतील इतकी अंडी रोज मिळतात, पण रोज बाजार गाठावा इतकी मिळत नाहीत. म्हणून ती साठवावी लागतात, आणि साठवण आली की अंड्याच्या वयाचा प्रश्न येतो. माझे म्हणणे असे की, परसातल्या अंड्याचा भाव त्याच्या वयावर ठरला पाहिजे. आज तो 'गावरान' या नावावर आणि कवचाच्या रंगावर ठरतो, आणि त्यात घेणारा व विकणारा या दोघांचेही नुकसान आहे.

कवचाचा रंग ही जातीची खूण आहे. लेगहॉर्न पांढरे अंडे देते, ऱ्होड आयलंड रेड तपकिरी देते. कोंबडी शेडमध्ये पिंजऱ्यात वाढली की अंगणात हिंडली, हे त्या रंगावरून मुळीच कळत नाही. बलकाचा गडद केशरी रंगही हिरवा पाला, मका यांसारख्या खाद्यातून येतो. तो ताजेपणाचा पुरावा नाही.

मग अंडे शिळे होते म्हणजे नेमके काय होते? कोंबडीच्या अंगाचे तापमान 41 अंश सेल्सिअसच्या आसपास असते. घातलेले अंडे थंड होऊ लागले की आतला ऐवज आकसतो आणि बोथट टोकाशी हवेची छोटी पोकळी तयार होते. कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून पाण्याची वाफ बाहेर जात राहते आणि पोकळी वाढत जाते. त्याच वाटेने कार्बन डायऑक्साइडही निघून जातो. ताज्या पांढऱ्याचा सामू 7.6 च्या आसपास असतो, तो काही दिवसांत 9 च्या वर चढतो. सामू चढला की बलकाला तोलून धरणारा घट्ट पांढरा सैल होऊन पाण्यासारखा पसरतो. रेमंड हॉ यांनी 1937 मध्ये याच घट्ट पांढऱ्याची उंची आणि अंड्याचे वजन यांवरून ताजेपणा मोजण्याचे सूत्र दिले, आणि अंड्याच्या व्यवसायात ते आजही वापरले जाते. घरी सूत्राची गरज नाही. अंडे सपाट ताटलीत फोडावे. बलक उंच आणि पांढरा त्याच्याभोवती गोळा राहिला तर अंडे ताजे. सगळे ताटलीभर पसरले तर जुने.

या सगळ्या क्रियांचा वेग तापमानावर अवलंबून असतो, आणि इथे देवळालीची हवा मध्ये येते. हे गाव समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच आहे आणि त्याची हवा कोरडी आहे. याच हवेसाठी इथे आरोग्यभुवने उभी राहिली. हिवाळ्यात रात्रीचा पारा अनेकदा दहा अंशांच्या खाली जातो. त्या दिवसांत उत्तरेकडच्या खोलीत, जाळीच्या कपाटात ठेवलेले अंडे आठवडाभर सहज चांगले राहते. एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा चाळिशीला टेकतो. तेव्हा तेच कपाट तीन-चार दिवसांत अंड्याचा पांढरा सैल करून टाकते. कोरड्या उन्हाळ्यात जुना उपाय उत्तम चालतो: मातीचा माठ ओल्या वाळूत बसवावा, आत वाळलेले गवत अंथरावे, अंडी निमुळते टोक खाली करून रचावीत आणि तोंडाला सुती फडके बांधावे. वाळूतले पाणी उडताना माठाची उष्णता ओढून घेते. पावसाळ्यात मात्र हा माठ बंद करावा. हवाच ओली असल्याने पाणी उडत नाही, गारवा येत नाही आणि कवचावर बुरशी धरते. जून ते सप्टेंबर फ्रिजला पर्याय नाही. तोही दारातला कप्पा नको, तिथे तापमान सारखे बदलते. एकदा फ्रिजमध्ये गेलेले अंडे विकेपर्यंत गारच ठेवावे. बाहेर काढताच त्याला घाम सुटतो, आणि त्या ओलीबरोबर जंतू छिद्रांतून आत शिरतात.

याच कारणाने अंडी धुण्याची सवय घातक ठरते. अंडे बाहेर येते तेव्हा त्यावर एक ओलसर थर असतो. तो लगेच सुकतो आणि छिद्रे झाकतो. धुतले की तो जातो. त्यातही थंड पाण्याने धुणे सर्वांत वाईट: आतला ऐवज आकसतो आणि बाहेरची घाण पाण्यासकट आत ओढली जाते. अमेरिकेत व्यापारी अंडी धुऊन लगेच शीतसाखळीत ठेवतात. युरोपीय संघात पहिल्या प्रतीची अंडी धुण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. दोन्ही पद्धती आपापल्या जागी सुसंगत आहेत. आपल्याकडे मात्र अंडे धुऊन उघड्यावर ठेवले जाते, म्हणजे दोन्हींतला तोटा पदरात. खरा उपाय खुराड्यात आहे. अंडी घालण्याची पेटी कोरडी ठेवा, भुसा वरचेवर बदला, सकाळी आणि दुपारी अशी दोनदा अंडी गोळा करा. किंचित माखलेले अंडे कोरड्या कापडाने पुसावे. जास्त घाण झालेले घरात त्याच दिवशी शिजवून संपवावे.

कळपात कोंबडा असेल तर आणखी एक बाब. फलित अंड्यातला जीव साधारण 21 अंशांच्या वर हळूहळू वाढू लागतो. देवळालीत उन्हाळ्यात खोली त्याहून खूपच गरम असते, त्यामुळे ग्राहकाने फोडलेल्या अंड्यात रक्ताची रेघ निघते आणि ते घर पुन्हा आपल्याकडे येत नाही. खाण्याच्या अंड्यांना कोंबडा लागतच नाही. रवण घालायची नसेल तेव्हा त्याला वेगळे ठेवावे. मात्र त्यानंतरही दोन-तीन आठवडे फलित अंडी येऊ शकतात. खुडूक कोंबडीच्या खालून काढलेली अंडी विक्रीत मिसळू नयेत. शंका असेल तर अंधाऱ्या खोलीत मोबाइलच्या दिव्यासमोर अंडे धरावे: डाग, रक्ताचे कडे, पोकळीचा आकार सगळे दिसते. पाण्यात टाकून पाहण्याची परीक्षाही चांगली आहे, आडवे पडले तर ताजे, उभे राहिले तर जुने, तरंगले तर फार जुने. फक्त पाण्यातून काढलेले अंडे विक्रीला ठेवू नये.

आता विक्री. समजा दहा कोंबड्या आहेत आणि रोज सहा अंडी मिळतात. आठवड्याला बेचाळीस, म्हणजे साडेतीन डझन. आठवड्यातून एकदा विकली तर सर्वांत जुने अंडे सात दिवसांचे होते, दोनदा विकली तर तीन-चार दिवसांचे. म्हणून हिवाळ्यात एक फेरी पुरते, उन्हाळ्यात दोन फेऱ्या हव्यातच. इतक्या मालाला दुकान लागत नाही, पाच-सहा बांधलेली घरे पुरतात. छावणी हद्दीत पाळणे आणि विकणे असेल तर कॅन्टोन्मेंट बोर्डाच्या कार्यालयात परवान्याची चौकशी आधीच करावी.

भावाबाबत राष्ट्रीय अंडी समन्वय समितीचा दर डोळ्यांपुढे ठेवून परसातले अंडे विकू नये. 1982 मध्ये स्थापन झालेल्या या समितीने शेडवाल्या उत्पादकाला दलालाच्या कचाट्यातून सोडवले, हे तिचे मोठे काम. पण तो दर मोठ्या कळपांच्या घाऊक मालाचा आहे. उलट बाजूनेही प्रामाणिक असावे. देशी कोंबडीचे अंडे चाळीस ग्रॅमच्या आसपास भरते, शेडमधले पंचावन्न. डझनामागे हा फरक 180 ग्रॅमचा होतो. जास्त भाव घेताना ग्राहकाला कमी वजन मिळते, तेव्हा त्या जास्तीच्या पैशाचा मोबदला ताजेपणातच दिला पाहिजे.

सर्वांत अवघड महिना श्रावण. पुष्कळ घरे अंडी बंद करतात, आणि नेमकी तेव्हाच हवा साठवणीला सर्वांत वाईट असते. ही अंडी गणपतीनंतर ताजी म्हणून विकण्याचा मोह होतो. त्यापेक्षा श्रावणापूर्वीच खुडूक कोंबड्यांना रवणीवर बसवावे, अंडी पिलांच्या कामी लावावीत. चुन्याच्या निवळीत न धुतलेली अंडी महिनोन् महिने टिकतात, ही जुनी रीत घरच्या वापराला ठीक आहे. तशी अंडी ताजी सांगून विकणे ही फसवणूक आहे. कोंबड्यांना औषध दिले असेल तर पशुवैद्यकाने सांगितलेले दिवस उलटेपर्यंत एकही अंडे बाहेर जाऊ नये.

फेब्रुवारी 2006 मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आढळला तेव्हा राज्यभर अंड्यांचा खप कोसळला. पूर्ण शिजलेल्या अंड्यात तो विषाणू टिकत नाही, तरी घाबरलेल्या ग्राहकाला दुकानातल्या ट्रेमधले अंडे कुठल्या कळपाचे, हे कळायला मार्ग नव्हता. परसातून विकणाऱ्याकडे हा मार्ग आहे: त्याचा खुराडा ग्राहक पाहू शकतो.

म्हणून कोंबड्या पाळणाऱ्या प्रत्येक घराला विनंती आहे. अंडे उचलल्याबरोबर बोथट टोकावर शिसपेन्सिलीने तारीख लिहा. पेनची शाई छिद्रांतून आत जाते, शिसे जात नाही. सात दिवसांवरचे अंडे कमी भावाने, 'उकडण्यासाठी' असे सांगून द्या. त्याचे टरफल ताज्या अंड्यापेक्षा सहज सुटते, त्यामुळे घेणाऱ्याचीही सोय होते. आणि घेणाऱ्यांनी रंग विचारू नये, तारीख विचारावी.