एकटीने शिकलेलं गणित: सोफी जर्मेनची गोष्ट

आजचा एपिसोड खास त्यांच्यासाठी, जे सिलॅबसच्या बाहेरचं गणित किंवा फिजिक्स रात्री जागून, मोबाईलवर, स्वतःच शिकताहेत. शिकवायला कुणीच नसेल तर माणूस कुठवर पोचतो? आणि नेमका कुठे अडतो? हे बघायला आपण जाऊया पॅरिसला.

साल 1789. फ्रेंच राज्यक्रांती पेटलीये. बाहेर दंगे, त्यामुळे रेशमाच्या व्यापाऱ्याची 13 वर्षांची मुलगी सोफी जर्मेन घरात अडकलेली. मग वडिलांच्या पुस्तकांच्या कपाटात शिरली. तिथे मोंतुक्लाच्या गणिताच्या इतिहासात तिला आर्किमिडीजची गोष्ट सापडली. भूमितीत तो इतका गुंग होता म्हणे, की समोर उभ्या रोमन सैनिकाकडे त्याने लक्षच दिलं नाही आणि जीव गमावला. सोफीला वाटलं, जीव जाईपर्यंत माणूस ज्यात रमतो, ते काहीतरी भारी असणार!

आईवडिलांना हे अजिबात पटलं नाही. मुलीच्या जातीला गणित कशाला? तिचा स्नेही लिब्री याने तिच्या मृत्यूनंतर लिहून ठेवलंय, की रात्री तिने अभ्यास करू नये म्हणून घरच्यांनी मेणबत्त्या, शेकोटी, गरम कपडे सगळं काढून घेतलं. तर ही बाई लपवलेल्या मेणबत्त्या लावून, पांघरुणात गुरफटून बसायची. दौतीतली शाई गोठलेली असायची. शेवटी घरचे हरले. न्यूटन आणि ऑयलर वाचायचे तर लॅटिन हवं, म्हणून तेही ती स्वतःच शिकली.

1794 मध्ये पॅरिसला एकोल पोलितेक्निक सुरू झालं. मुलींना प्रवेश नाही. सोफीने लेक्चरच्या नोट्स मिळवल्या आणि 'ल ब्लां' या पुरुषाच्या नावाने आपलं काम प्रोफेसर लाग्रांजकडे पाठवलं. लाग्रांज म्हणजे त्या काळातला टॉपचा गणिती. काम बघून तो खूश झाला. खरं नाव कळल्यावरही त्याने पाठ फिरवली नाही.

1804 मध्ये तिने याच टोपणनावाने जर्मनीतल्या गाउसला पत्र लिहिलं. 1806 मध्ये नेपोलियनच्या फौजा गाउसच्या ब्राउनश्वाइग शहरात घुसल्या आणि सोफीला पुन्हा आर्किमिडीज आठवला. ओळखीच्या जनरल पेर्नेतीला तिने सांगितलं, त्या माणसाला जपा. गाउस चक्रावला. कोण ही सोफी? मग 1807 मध्ये तिला खरं सांगावंच लागलं.

गाउसने उत्तरात तोंडभरून कौतुक केलं. पण मला त्या पत्रातली दुसरी गोष्ट जास्त आवडते. सोफीने संख्यांबद्दल एक दावा केला होता. गाउसने एकच उदाहरण दिलं: 15 चा अकरावा घात अधिक 8 चा अकरावा घात. तिची अट इथे पूर्ण होते, पण निष्कर्ष खोटा ठरतो. दावा खल्लास! आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत याला कोड रिव्ह्यू म्हणतात. तिच्या वयाच्या मुलांना असा रिव्ह्यू वर्गात रोज मिळत होता. तिला तो मिळायला तिशी गाठावी लागली.

ही कमतरता पुढे महागात पडली. क्लाड्नी नावाच्या शास्त्रज्ञाने नेपोलियनसमोर एक प्रयोग करून दाखवला. धातूच्या तबकडीवर वाळू पसरायची, कडेवर व्हायोलिनचा गज ओढायचा. तबकडी थरथरते, वाळू उडते आणि जिथे कंप नाही त्या रेषांवर जमते. सुंदर नक्षी तयार होते. ती तशीच का होते? 1809 मध्ये यावर बक्षीस लागलं. 1811 ची मुदत संपली तेव्हा एकच निबंध आला होता. सोफीचा.

तिची मूळ कल्पना चांगली होती: तबकडी जेवढी वाकते, त्या प्रमाणात तिला परत सरळ करणारं बल तयार होतं. पण कल्पनेपासून समीकरणापर्यंत जायला जे तंत्र लागतं, ते तिला कुणी शिकवलंच नव्हतं. गणित चुकलं. परीक्षकांमध्ये लाग्रांज होता. तिच्याच कल्पनेवरून त्याने बरोबर समीकरण काढून दिलं. 1813 मध्ये दुसरा प्रयत्न, नुसता सन्माननीय उल्लेख. 1816 मध्ये तिसऱ्यांदा बक्षीस मिळालं. तेव्हाही मांडणीत त्रुटी होत्याच. कडांवरच्या अटींचा घोळ किर्खोफने 1850 मध्ये सोडवला. तोवर सोफीला जाऊन 19 वर्षं झाली होती.

आता काही जण म्हणतील, जिद्द असेल तर सगळं जमतं. सोफीची गोष्ट बहुतेक वेळा अशीच सांगतात. पण जिद्द तर तिच्याकडे 1789 पासूनच होती. अडलं ते वेगळ्याच जागी. आपल्याला काय येत नाही, हे एकट्याने पुस्तक वाचून कळत नाही. ते दुसऱ्याने वहीवर बोट ठेवून दाखवावं लागतं.

आज पुस्तकं, लेक्चर्स सगळं फुकट आहे. तुमची वही तपासणारा माणूस मात्र अजूनही शोधावाच लागतो. तर या आठवड्यात एवढंच करा: स्वतः सोडवलेलं एक गणित, पूर्ण पायऱ्यांसकट, जाणकार माणसाला दाखवा. तो चूक काढेल. काढू दे.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!